टाकीजवळचा पंच

मेलेल्या माणसाला तडीपार कसं करायचं, हा प्रश्न सहायक फौजदार जयमाला रणपिसे यांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पडला.

समोरच्या यादीत एक्केचाळीस नावं होती. गणपती तीन आठवड्यांवर आलेले, आणि सणाच्या आधी उपद्रवी माणसं शहराबाहेर काढायची ही पोलिसांची जुनी रीत. पूर्वी ही नावं ठाण्यातले मुरलेले हवालदार सुचवायचे. त्यात हेवेदावे असायचे, कुणाचा वशिला असायचा, कुणावरचा राग असायचा. आता नावं सुचवायची ‘चाहूल’. आयुक्तालयाच्या पाचव्या मजल्यावर बसवलेली ही यंत्रणा कुठल्या भागात, कुठल्या वेळी, कोणता गुन्हा घडेल आणि तो कोणाकडून घडेल हे आधीच सांगायची. तिच्यापुढे वशिला चालत नाही, असं वर्तमानपत्रांनी कौतुकानं छापलं होतं.

यादीतलं अडतिसावं नाव होतं बिराजदार शंकर मल्लप्पा, धंदा रसवंती, धोक्याचे गुण पंचाण्णव. हा शंकर बिराजदार चार वर्षांपूर्वी वारला होता. जयमालाबाई स्वतः त्याच्या तेराव्याला जाऊन जेवून आल्या होत्या.

त्या हसल्या. मग त्यांची नजर एक ओळ वर गेली आणि हसू तिथंच थांबलं. अडसूळ तुळशीराम गंगाराम, वय चौसष्ट, धंदा छत्री व चेन दुरुस्ती, गुण सत्त्याण्णव. शिफारस: दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार.

तुळशीराम अडसूळ! निळकंठनगर पोलीस ठाण्यासमोर, पाण्याच्या टाकीखाली शिलाई मशीन घेऊन बसणारा तुळशीमामा. लोकांच्या दप्तरांच्या चेनी बसवणारा, छत्रीची काडी बदलून देणारा. उभ्या जन्मात त्यानं कुणाला ‘अरे’ म्हटलेलं ठाण्यातल्या एकानंही ऐकलं नव्हतं. आणि त्याचे गुण सत्त्याण्णव, तर यादीतल्या एका खुन्याचे अठ्ठ्याण्णव.

यादीखाली छापलेलं वाक्य होतं, ‘कागदपत्रांवरून खात्री केली, नावे बरोबर आढळली.’ त्याखाली सहीची जागा. ही सही करणं हेच पडताळणी कक्षात जयमालाबाईंचं काम. तीन वर्षांत त्यांनी अशा सात याद्यांवर सह्या केल्या होत्या. खात्री काय केली होती? नावाचं शुद्धलेखन आणि वय. यंत्र कशाला चुकेल, असं त्या समजत होत्या. या वेळी ओळखीचं नाव दिसलं म्हणून पेन थांबलं, नाहीतर तेही चाललंच असतं. हे मनात आलं आणि त्यांचा त्यांनाच संताप आला.

यादी उचलून त्या पाचव्या मजल्यावर गेल्या.

डॉक्टर मधुरा देवस्थळी चाहूलची जन्मदाती. पस्तिशीची, केस आखूड, बोलणं भरभर आणि स्वच्छ. गुन्ह्यांच्या गणितावर तिनं आठ वर्षं संशोधन केलं होतं. जयमालाबाईंनी यादी टेबलावर आपटली तरी ती दचकली नाही.

“मेलेला माणूस यादीत आलाय, तो मृत्यूनोंदणी जोडली नसल्यामुळे,” ती म्हणाली. “ती दुरुस्ती सोपी आहे. दुसऱ्याचं काय?”

“दुसरा जिवंत आहे. आणि निर्दोष आहे.”

“मॅडम, चाहूल कुणाला दोषी म्हणतच नाही. ती फक्त शक्यता सांगते. बसा, दाखवते.”

तिनं भिंतीवर शहराचा नकाशा उघडला. सगळं शहर दीडशे-दीडशे मीटरच्या चौकोनांत कापलेलं. काही चौकोन पांढरे, काही गुलाबी, काही लालभडक. मधुरा सांगू लागली. मोठा भूकंप झाला की मागून त्याच परिसरात छोटे धक्के बसत राहतात. घरफोडीचंही तसंच असतं. एक घर फुटलं की पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या आजूबाजूचं घर फुटण्याची शक्यता वाढते, कारण चोराला वाटा कळलेल्या असतात. भूकंपशास्त्रज्ञ ज्या समीकरणानं मागच्या धक्क्यांचा अंदाज बांधतात, तेच थोडं बदलून चाहूल वापरते. वीस वर्षांचे गुन्हे तिच्या पोटात घातले आहेत. त्यातून प्रत्येक चौकोनाला रंग मिळतो आणि ज्या चौकोनाला रंग चढतो तिथं गस्त जाते.

“आणि माणसाला गुण कसे मिळतात?”

“संबंधांवरून. एक माणूस किती गुन्ह्यांच्या कागदांत दिसतो, कोणाकोणाबरोबर दिसतो, याचं जाळं विणायचं. जात, धर्म, पत्ता आम्ही मुद्दाम काढून टाकलंय. फक्त संबंध.” तिनं तुळशीरामचं नाव टाकलं. पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलं आणि मधोमध ते नाव. “हे बघा. या माणसाचा चारशे बारा गुन्ह्यांशी संबंध आहे. सगळ्या चोऱ्या, आणि सगळ्या एकाच चौकोनात. टाकीजवळ.”

“संबंध म्हणजे काय? आरोपी म्हणून?”

“नाही. ‘इतर संबंधित व्यक्ती’ या रकान्यात.”

जुनी कागदपत्रं संगणकावर चढवायचं काम एका ठेकेदाराला दिलं होतं. त्यानं रोजंदारीवर टंकलेखक बसवले. त्यांना तीन रकाने दिले होते: फिर्यादी, आरोपी, इतर. पोलिसांची नावं वगळायची, म्हणजे ज्या नावापुढे बक्कल नंबर असेल ते सोडून द्यायचं, एवढी एकच सूचना. बाकी सगळं ‘इतर’मध्ये.

“मूळ कागद दाखवा,” जयमालाबाई म्हणाल्या.

मधुरानं एक उघडला. घटनास्थळ पंचनामा. ‘पाण्याच्या टाकीजवळ, सार्वजनिक रस्ता.’ खाली डाव्या कोपऱ्यात पंच क्रमांक एक, तुळशीराम गंगाराम अडसूळ, आणि त्याची ती वळणदार, कष्टानं शिकलेली सही. पंच क्रमांक दोन, शंकर मल्लप्पा बिराजदार.

“पंच आहे तो!” जयमालाबाई ओरडल्या. “पंच म्हणजे साक्षीदार हो, बाई! पोलिसांनी जागेचा पंचनामा खरा केला, असं सांगणारा त्रयस्थ माणूस. तुमच्या यंत्रानं पंचाला चोरांचा सोबती केलं?”

मधुराचा चेहरा उतरला. पंच हा शब्द तिच्या समीकरणात कुठंच नव्हता. शेजारच्या खोलीतून संगणकांची घरघर येत होती, आणि ती एकामागून एक कागद उघडत चालली. दुसरा, दहावा, चाळिसावा. सगळीकडे टाकीजवळ. सगळीकडे तुळशीराम.

“पण मॅडम,” ती हळू आवाजात म्हणाली, “प्रत्येक चोरी याच्या दारातच कशी झाली? आणि हे अक्षर सगळीकडे एकच आहे.”

अक्षर जयमालाबाईंचंच होतं.

अकरा वर्षं त्या निळकंठनगर ठाण्यात गुन्हे लेखनिक होत्या. ठाण्याच्या हद्दीत एका अंगाला टाकीमागची वस्ती, दुसऱ्या अंगाला पंचवीस मजली सोसायट्या. चोऱ्या व्हायच्या सोसायट्यांमध्ये, कारण चोरण्याजोगं तिथंच असायचं. पण पंचनाम्याला पंच लागतात, दोन, आणि प्रतिष्ठित. सोसायटीतला एक माणूस पुढं यायचा नाही. कुणाला कोर्टाच्या फेऱ्या नकोत, कुणाला मीटिंग असायची, कुठं दाराच्या फटीतून ‘साहेब घरात नाहीत’ म्हणून खुद्द साहेबच सांगायचा. शिवाय सोसायटीचे अध्यक्ष फोन करायचे. आमचं नाव कागदावर घेऊ नका, बाहेर रस्त्यावर घडलं म्हणून दाखवा, काय तो तुमचा कागदच पुरा करायचाय ना? वरचे साहेब म्हणायचे, करा हो रणपिसे, कशाला वाढवता. मग जयमालाबाई रस्ता ओलांडून टाकीखाली यायच्या. घटनास्थळ टाकीजवळ झालं की पंच समोरच बसलेले असायचे. बहुतेक वेळा तर तेवढाही रस्ता ओलांडला जायचा नाही. ठाण्यातल्या टेबलावरच पंचनामा लिहून व्हायचा आणि सहीपुरता मामाला बोलावलं जायचं.

तुळशीराम हातातली सुई बाजूला ठेवून यायचा. वाचायचा नाही. सही करण्याआधी एकच विचारायचा, “ताई, ह्याच्यात कुणी गरीब अडकत न्हाय ना?”

आणि त्या म्हणायच्या, “नाही हो मामा, करा सही.”

चारशे बारा वेळा.

“पुढचं सांगते,” मधुरा म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. “टाकीचा चौकोन लाल झाला म्हणून तिथं गस्त वाढली. गस्त वाढली म्हणून तिथं जास्त माणसं पकडली गेली. सायकलला दिवा नाही, रस्त्यावर पत्ते खेळतोय, उलट बोलला. त्या नोंदी पुन्हा चाहूलच्या पोटात गेल्या. चौकोन आणखी लाल झाला.”

“म्हणजे एकाच पोरीचं डोकं रोज विंचरायचं, आणि उवा हिच्याच डोक्यात सापडतात म्हणून हिलाच झोडायचं.”

मधुरानं मान खाली घातली. जयमालाबाईंना तिची दया आली नाही. स्वतःचीही नाही.

उपायुक्त कारखानीस शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, दार लावून घेतलं.

“बिराजदारांचं नाव काढा,” ते म्हणाले. “मृत आहेत. अडसूळचं काढता येणार नाही.”

“का नाही, सर? ठेकेदाराची चूक आहे. पंचाला ‘इतर’मध्ये टाकलंय.”

“दुरुस्ती करायची तर चारशे बारा कागद पुन्हा उघडावे लागतील. कुणीतरी विचारेल की हा माणूस पंच होता तर प्रत्येक गुन्ह्यात हाच कसा? प्रत्येक गुन्हा टाकीजवळच कसा? काय उत्तर देणार आहात तुम्ही?” त्यांनी चहाचा कप जयमालाबाईंकडे सरकवला. “खोटा पंचनामा हा गुन्हा आहे, रणपिसे. चारशे बारा पंचनामे म्हणजे चारशे बारा गुन्हे. निवृत्तीला तुमचे किती महिने राहिले? चौदा? पेन्शन जाईल. कदाचित आतही जाल.”

“मग म्हाताऱ्यानं जायचं का?”

“दोन वर्षांचाच प्रश्न आहे.”

“त्याची बायको डायलिसिसवर आहे, सर. गोजराबाई. आठवड्यातून दोनदा तो तिला हातगाडीवर बसवून पालिकेच्या दवाखान्यात नेतो. हा गेला तर ती दोन वर्षं नाही, दोन आठवडेही टिकणार नाही.”

“दवाखान्याला पत्र देऊ आपण. गाडीची सोय करतील.” कारखानीस उठले. “आणि चाहूलमध्ये चढलेली नोंद पुसता येत नाही. ना मला, ना देवस्थळींना. तशीच ती बांधली आहे, म्हणून तर न्यायालयानं तिला मान्यता दिली. सही करा आणि घरी जा.”

जयमालाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. साहेबांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. पण साहेब म्हणत होते ते शब्दन्‌शब्द खरं होतं, आणि जास्त राग त्याचाच होता. त्यांनी सही केली नाही. यादी त्यांच्या सहीशिवायच पुढं गेली, शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी सहीनं. कुणाच्या सहीसाठी यादी अडत नसते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टाकीखाली गेल्या. तुळशीराम मशीनवर होता. समोर दप्तरांचा ढीग, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दोन बीट मार्शल विजेच्या दुचाकीवरून टाकीजवळ आले, तशा त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या थरथरू लागल्या. लाल चौकोनात शिरलं की पट्टी थरथरते, सावध राहा म्हणून. त्यांनी तुळशीरामकडं, मग जयमालाबाईंकडं बघितलं आणि ते पुढं गेले.

“या ताई,” तुळशीराम म्हणाला. “बरं झालं आलात. हे बगा, कायतरी नोटीस आलीया. शेजारच्या पोरीनं वाचली, पर मला वाटतंय तिची चूक होतीया. मला म्हणं शहर सोडाय सांगितलंय. दुसऱ्या कुणाची माझ्याकडं आली आसंल.”

“तुमचीच आहे, मामा.”

त्या बसल्या आणि सगळं सांगितलं. सोसायट्या, फोन, साहेब, टाकी, ठेकेदार, यंत्र. काही लपवलं नाही. तुळशीराम ऐकत होता. त्याचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच थबकलेला.

“म्हंजे,” तो म्हणाला, “त्या चोऱ्या हितं झाल्याच नव्हत्या?”

“नाही.”

“आन तुमाला ठावं हुतं?”

“होतं.”

“गेल्या साली पाटोळ्याच्या पोराला कंपनीनं कामावर घेतलं न्हाय. दाखला मिळंना. म्हणले, तुमची वस्तीच वंगाळ. लक्षुमीच्या पोरीची सोयरीक मोडली. आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो, की आपल्यात चोर हाय तरी कोण? शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर इस्वास ऱ्हायला न्हाय. म्या सोता पाटोळ्याच्या पोरावर संशेव घेतला, ताई!” त्याचा आवाज चढला. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा चढला असेल. “आन सही माझीच!”

“मामा...”

“मामा म्हणू नगा. मी दर येळंला इचारत हुतो तुमाला. दर येळंला! कुणी गरीब अडकत न्हाय ना? तुमी काय म्हणायच्या?”

जयमालाबाईंनी नोटिशीची घडी घालून त्याच्यापुढं ठेवली.

“उठा,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाची जागा हाय ती.”

तडीपारीची सुनावणी पुढच्या बुधवारी उपायुक्तांच्या दालनात ठेवली होती. ज्याला नोटीस आली त्याला आपल्या चांगल्या वागणुकीचे दोन प्रतिष्ठित साक्षीदार आणायची मुभा असते. तुळशीराम सोसायट्यांमध्ये गेला होता. तीस वर्षं ज्यांच्या दप्तरांना, बॅगांना, छत्र्यांना त्यानं हात लावला, त्यांच्यातला एकही आला नाही. मीटिंग होती, प्रवास होता, साहेब घरात नव्हते. ज्यांच्या वाट्याची पंचगिरी त्यानं अकरा वर्षं केली, त्यांना त्याच्यासाठी एक सकाळ काढता आली नाही.

तो एकटाच उभा होता, धुतलेला सदरा घालून, हातात टोपी. गोजराबाई बाहेर बाकावर. भिंतीवरचा कॅमेरा सुरू झाला, कारण अशा सुनावण्या आता सरळ चाहूलमध्ये नोंदल्या जात. कोपऱ्यात मधुरा देवस्थळी बसलेली, यंत्राच्या बाजूनं काही विचारलं तर उत्तर द्यायला.

“साक्षीदार?” कारखानीसांनी विचारलं.

“न्हाईत, सायेब.”

“आहे,” दारातून आवाज आला. जयमालाबाई गणवेशात होत्या. हातात कापडी पिशवी. “मी आहे.”

“रणपिसे, तुम्ही बाहेर थांबा.”

“साक्षीदाराला बाहेर काढता येत नाही, सर. आणि कॅमेरा चालू आहे.” त्या सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “मी, जयमाला दत्तात्रय रणपिसे, सहायक फौजदार, शपथेवर सांगते. निळकंठनगर ठाण्यात गुन्हे लेखनिक असताना चारशे बारा पंचनामे मी खोटे लिहिले. त्या चोऱ्या टाकीजवळ झाल्या नव्हत्या. त्या कुठं झाल्या ते या डायऱ्यांत आहे. अकरा वर्षांच्या अकरा डायऱ्या. कोर्टात उलटतपासणी झाली तर खरं काय होतं ते आपल्याला तरी आठवावं, म्हणून मी लिहून ठेवायची. सोसायटीचं नाव, मजला, फोन कुणी केला, हुकूम कुणी दिला. आणि ते पंचनामे ठाण्यातल्या माझ्या टेबलावर लिहिले गेले. हा माणूस फक्त माझ्यावर विश्वास ठेवून सही करत होता.”

कारखानीसांचा हात कॅमेऱ्याच्या बटणाकडं गेला आणि मधेच थांबला.

“पुसता येत नाही, सर,” जयमालाबाई म्हणाल्या. “तशीच बांधली आहे.”

पोलीस अधिकाऱ्यासमोर, कॅमेऱ्यासमोर, चारशे बारा गुन्ह्यांची कबुली आणि पुरावा टेबलावर. जप्त केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कारखानीसांनी दात आवळून हवालदार चिंचोलीकरांना हुकूम दिला की डायऱ्यांचा जप्ती पंचनामा करा. चिंचोलीकरांनी भराभर लिहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, “पंच?”

दारात डोकावणारे दोन कारकून आणि बाहेर भेटीसाठी थांबलेले एक बिल्डर एकदम दिसेनासे झाले. नेहमीसारखेच.

“द्या हिकडं,” तुळशीराम म्हणाला. “मी करतो.”

त्याचं जयमालाबाईंकडं लक्षसुद्धा गेलं नाही. चिंचोलीकरांनी कागद पुढं केला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तुळशीरामनं पेन घेतलं नाही.

“वाचून दाखवा.”

“अहो, साधा जप्तीचा आहे.”

“असूद्या साधा. पयल्यापासनं वाचा.”

चिंचोलीकरांनी साहेबांकडं बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग ते वाचू लागले. दिनांक, वेळ, उपस्थित, ‘ठिकाण, पाण्याच्या टाकीजवळ, निळकंठनगर...’

“थांबा,” तुळशीराम म्हणाला. “हे टाकीजवळ हाय का?”

चिंचोलीकर गोंधळले. वीस वर्षं निळकंठनगर ठाण्यात काढलेला माणूस. हात आपोआप गेला होता. त्यात त्याचा काही हेतू नव्हता.

“हे उपायुक्त सायबांचं हापीस हाय,” तुळशीराम एकेक शब्द सावकाश बोलत होता. “तसं लिवा. मजला लिवा. दाराव नाव काय हाय ते लिवा. खोडा ते टाकीचं.”

चिंचोलीकरांनी खोडलं. खाडाखोडीवर सही घेतली. दालनाचा पत्ता लिहिला, मजल्यासकट. तुळशीरामनं पुन्हा एकदा सगळं ऐकलं, मग सावकाश, वळणदार सही केली. मान वर केल्यावर त्यानं पहिल्यांदा जयमालाबाईंकडं पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. त्यांनीही मागितली नाही.

दुसरा पंच हवा होता. मधुरा देवस्थळी उठली. त्या रकान्यात नाव गेलं की काय होतं, हे या दालनात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पेन हातात धरून ती क्षणभर थांबली आणि मग तिनं नाव लिहिलं, पूर्ण, शिक्षणासकट.

तुळशीरामची तडीपारी स्थगित झाली. रद्द नाही, स्थगित. सरकारी कागदाला माफी मागता येत नाही, म्हणून तो असे शब्द वापरतो. जयमालाबाई त्याच संध्याकाळी निलंबित झाल्या आणि गुन्हा नोंदवून पुढची चौकशी सुरू झाली.

पण चाहूलला निलंबन, स्थगिती, साहेब, यातलं काही कळत नव्हतं. तिला शपथेवरची नोंद आणि जप्त डायऱ्या मिळाल्या होत्या आणि त्या तिनं इमानदारीनं पोटात घातल्या. जुन्या नोंदी पुसल्या नाहीत, त्यांचा पत्ता तेवढा बदलला. चारशे बारा चोऱ्या टाकीच्या चौकोनातून उठल्या आणि डायऱ्यांत लिहिलेल्या सोसायट्यांवर जाऊन बसल्या, मजल्यांसकट. आणि चारशे बारा नवे गुन्हे, खोट्या पंचनाम्यांचे, ते जिथं लिहिले गेले त्या टेबलावर. सोमवारी सकाळी मधुरानं नकाशा उघडला तेव्हा टाकीचा चौकोन फिका पडला होता. शहरातला सगळ्यांत लाल चौकोन होता निळकंठनगर पोलीस ठाण्याचा. त्याखाली शिफारस आली होती: येथे गस्त वाढवावी.

वस्तीतल्या पोरांच्या सायकली आणि पत्त्यांचे गुन्हे तसेच राहिले. तेवढ्यासाठी कुणाकडं डायरी नव्हती. त्यांच्यासाठी जयमालाबाई आता वकिलाकडं खेटे घालतात, आणि अजून रागातच असतात.

कामावर हजर व्हायला ठाण्यात पाऊल टाकलं की प्रत्येक पोलिसाच्या मनगटावरची पट्टी थरथरते. जेवताना थरथरते, लिहिताना थरथरते. ती बंद करायची तर वरून हुकूम लागतो, आणि जप्ती पंचनाम्यातल्या पत्त्यामुळे वरचं दालनही आता गुलाबी झालंय. म्हणून पोलीस दुपारचे टाकीखाली येऊन उभे राहतात. तेवढ्या भागात पट्टी गप्प असते.

परवा एक जमादार तिथं आला. पट्टीचा हात झटकला, तुळशीरामच्या बाकावर टेकला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“समोरच्या सोसायटीत मोटारसायकल गेलीय,” तो म्हणाला. “पंच कुणी मिळेना. एक सही लागत होती, मामा.”

तुळशीरामनं मशीन थांबवलं. दोरा तोडला. मग सुईच्या टोकानं समोरचा पंचवीस मजली मनोरा दाखवला.

“तितं लई शिकलेली मान्सं ऱ्हात्यात,” तो म्हणाला. “प्रतिष्ठित. दार वाजवा त्येंचं.”